पिठाच्या डब्यात

एकतीस वर्षं मी क्लायपेदाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
याची वायर त्याच्या भोकात खुपसत बसले.
जोडणं हा माझा धंदा.
तोडून ठेवा, असं सांगत दाराशी आलेला
खालच्या मजल्यावरचा वायदोतास हा पहिलाच माणूस.

हातात राउटर, त्यावर टॅब्लेट,
दोन्हींभोवती वायर करकचून,
बाजारातल्या कोंबडीचे पाय बांधावेत तशी.
"गेनोवाइतेबाई, हे तुमच्याकडे राहू दे.
मी मागायला आलो तरी देऊ नका."

बंदरात तो क्रेन चालवतो.
मागच्या गॅरेजात तीन वर्षं होडी बांधतोय,
सपाट तळाची, आमच्या खाडीत चालते तशी.
बांधतोय म्हणजे कणा आणि चार फळ्या.
बाकीचा वेळ जगभरच्या होड्या बघण्यात.
नॉर्वेतला एक म्हातारा, टास्मानियातल्या दोघी बहिणी,
सगळ्यांच्या केव्हाच पाण्यात गेल्या;
याच्या रंध्यावर गंज.

मी म्हटलं, ठेवते.
पण परत हवं असेल तर ओंजळभर सालपटं आणायची,
रंध्याखालची, ताजी.
आणि तोंड नाही दाखवायचं, हात दाखवायचे.

पहिल्या आठवड्यात पाचदा आला.
एकदा हवामान बघायचं होतं.
मी खिडकीकडे बोट केलं.
एकदा, फळी वाफेवर किती वेळ धरायची.
तीन मोडल्यास की कळेल, म्हटलं.
एकदा रात्री साडेअकराला, नुसत्या मोज्यांवर,
आणि काय हवंय ते त्यालाच आठवेना.
जिन्यातला दिवा आपोआप विझला,
आम्ही दोघं तसेच उभे.

मी फार शहाणी, असं समजू नका.
पुढच्याच आठवड्यात
पिठाच्या डब्यात काहीतरी गुरगुरलं.
त्यात सिमकार्ड आहे, हे त्यालाही आठवलं नसणार.
नुसतं बंद करावं म्हणून पीठ पुसून बोट लावलं
आणि पहाटेचे चार.
टास्मानियातल्या धाकटीचं लग्न मोडलंय,
कुत्र्याचं ऑपरेशन नीट पार पडलं,
सगळं मला ठाऊक.
गॅसवरच्या बिटाच्या सुपाचा कोळसा.

भांडं घासताना आठवलं,
लाइन जोडली की कान काढायचा, हा एक्स्चेंजचा नियम.
मी काढत नसे.
कुणाचा बाप हॉस्पिटलात, कोण कुणाला नाही म्हणालं,
कौनासची एक बाई रोज रात्री एवढंच विचारायची, जेवलास का?
आणि मी तिकडे श्वास धरून.
माझ्या खणात एक स्वेटर आहे, राखाडी, एकाच बाहीचा.
ज्याच्यासाठी विणत होते
त्याच्या हाताचं माप आता कुणाला विचारू?

सिमकार्ड मी जिरॅनियमच्या कुंडीत पुरलं.
वायदोतासला अजून सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये बर्फ तडकायला लागला
तेव्हा तो पिशवीभर सालपटं घेऊन आला,
दारात ठेवली, आणि गेला.
मागायचं विसरला की काय!
मी हाक मारणार होते. मारली नाही.
घरभर पाइनचा वास.

गॅरेजचा दिवा माझ्या स्वयंपाकघरातून दिसतो.
तो पेटला की मीही सुया काढते.
बारा टाके घातले, उसवले, पुन्हा बारा.
बाही कुणाच्याही मापाची होईल, होऊ दे.

काल आला. कर भरायचा होता, खरंच.
मी हात पाहिले: डांबर, फोड,
एका अंगठ्याचं नख काळंनिळं.
दिलं.
तासाभरात परत आणून
स्वतःच पिठात दाबून बसवलं,
झाकण लावता लावता म्हणाला,
"होडी गॅरेजच्या दारापेक्षा रुंद झालीय.
भिंत फोडावी लागणार."

त्याची नजर पुन्हा डब्याकडे गेली.

म्हटलं, कशी फोडायची ते बघत बसू नकोस.
घण आण.